टाकीत तेल, चेन कोरडी

मंडळी, आज आमच्या दिघाशीत शेजारचे बाळूकाका गेले. सरणाची लाकडं गावकरीच तोडतात. चेनसॉ माझ्याकडे, म्हणून वाळलेला आंबा तोडायचं काम माझ्यावर आलं.

चेनचं तेल संपलेलं. चुलतभाऊ कापडाच्या लूमवर कामाला. त्याने लूमखाली साचलेलं तेल दिलं. "तेलच हाय ना, वत!"

ओतलं. जरा वेळात चेन फिरते त्या पट्टीतून धूर! टाकी भरलेली, चेन कोरडी. उघडलं तर आतल्या जाळीवर त्या तेलातल्या कापसाच्या तंतूंचा लगदा. धुतलं, फुंकलं, तारेने टोकरलं, तरी थेंब येईना.

शेवटी काकांचा मुलगाच बापाजवळून उठला आणि कुऱ्हाड मागायला लागला.

मशीन हातात धरून मी नुसता उभा. हे आतून साफ कसं करतात, कुणाला माहितीय का?