चटणीसकट पोर्तुगाल

निघायच्या दिवशी आईने माझ्या बॅगेत चटणीची बरणी कोंबली. "दूध नको, तूप नको, मधसुद्धा नको! तिथे काय दगड खाणारेस?" आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता मीरा रोडला शांती नगरात. मुलगी व्हीगन झाली, याचा दोष आई माझ्या ऑफिसला देते.

मला परदेशात शेतावर राहायचं होतं. रोज पाच तास राबायचं, बदल्यात खोली आणि जेवण. पत्रं पाठवू लागल्यावर कळलं, जगातल्या प्रत्येक शेतकऱ्याला शेळ्यांचं दूध काढणारंच माणूस हवंय. शेवटी पोर्तुगालच्या डोंगरातल्या एल्साने होकार दिला. तिचं शेत कडक व्हीगन, शेणखतसुद्धा वर्ज्य. प्राणिज पदार्थ आणला की त्याच दिवशी बाहेर, हे तिने आधीच कळवलं होतं. माझं परतीचं तिकीट दीड महिन्यानंतरचं आणि दुसरीकडे कुठे ठिकाणा नाही. इथून हाकललं असतं तर आईचं "सांगितलं होतं ना" जन्मभर ऐकावं लागलं असतं.

पहिला आठवडा मी दगड वेचले. जेवायला रोज उकडलेले चणे, त्यात मीठही जपून. न राहवून बरणी उघडली. एल्सा आणि तिच्याकडे माझ्यासारखाच आलेला जर्मन योनास, दोघांनी त्या दिवशी चणे पुन्हा मागून घेतले. पुढे योनास पाव संपला की चटणी बोटाने खायचा. तिसऱ्या आठवड्यात एल्साला ती कृती स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहायची लहर आली. मी मोठ्या ऐटीत आईला फोन लावला.

"खोबरं भाजायचं, लसूण, मिरची," आई म्हणाली, "आणि मूठभर जवळा."

जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. मीरा रोडजवळच्या किनाऱ्यावरच्या पाली गावच्या कोळणीकडून आई वर्षाचा भरून ठेवते.

"आई! जवळा नॉनव्हेज असतो!"

"अगं, भाजून कुटून घातलाय. दिसतोय का कुठे? चवीपुरता घातला तर त्याला कोण नॉनव्हेज म्हणतं? आणि तुझ्या अंगाला काही लागायला नको?"

मला वास कसा आला नाही? आला होता की. पण घरच्या चटणीला तोच वास असतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

एल्साकडे संध्याकाळी जेवणानंतर गोल बसून एकेकाने मनातलं खरं बोलायची रीत होती. तोवर मी "पाठ दुखते" एवढ्यावर भागवलं होतं. त्या दिवशीही तेच म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण एल्सा खडू घेऊन तयार बसली होती. मी सांगून टाकलं. अकरा वर्षांत तिच्या पोटात असलं काही गेलं नव्हतं. ती रडली, आणि मला फार वाईट वाटलं. योनासने हळूच विचारलं, "थोडी उरलीय का?"

सकाळी मी बॅगेसकट रस्त्यावर.

डोंगर उतरून पहिलं घर लागलं ते म्हाताऱ्या मनुएलचं. त्याच्या अंगणात अर्थातच शेळ्या. दूध काढणार नाही, पिणारही नाही, हे मी हातवारे करून सांगितलं. त्याने माझ्या हातात कुदळ दिली. दुपारी काल्दो व्हेर्द (बटाटा आणि पालेभाजीचं सूप) समोर ठेवलं. त्यात सॉसेज पाहून मी वाटी मागे सारली. दुसऱ्या दिवसापासून तो माझे बटाटे वेगळे उकडू लागला. का, कशासाठी, एका शब्दाने विचारलं नाही. तीन आठवडे मी बटाटे खणले आणि तेच खाल्ले.

एल्साने काढलं, हे घरी कळवलंच नव्हतं. परत आले तेव्हा आई शेजारच्या काकूंना घेऊन दारातच उभी. "सांग हिला, माझी चटणी गोऱ्यांनी कशी खाल्ली ते!" तिचा चेहरा इतका फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"बोटं चाटून," मी म्हणाले.

खरं बोलून एका घरातून निघावं लागलं होतं. या घरात मला राहायचं होतं.