नवव्या घराचा साधु

निरोप आणला तो एसटीच्या कंडक्टरनं. आमच्या वाडीचा निरोप महाडला असाच येतो. पोलादपूरच्या स्टँडवर कुणीतरी कंडक्टरच्या कानावर घालतं आणि तो महाडला उतरला की शाळेच्या फाटकाशी येऊन हाक मारतो. मी चौथीच्या वह्या तपासत होते. "बाई, तुमची आत्या गेली. सकाळीच. मंडळी थांबल्यात तुमच्यासाठी," एवढं सांगून तो गेलासुद्धा, गाडी सुटायची होती त्याची. अशा वेळी माणूस रडतं. मी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती वाट बघत बसले… कशाची, ते मला ठाऊक होतं, आणि दुसरं ज्या एका बाईला ठाऊक होतं ती त्या सकाळी गेली होती. आता त्याला महिना होईल. त्या वाट बघण्याची गोष्ट मी अकरा वर्षं पोटात ठेवली. पोटात ठेवून काही पचत नाही, एवढं शहाणपण मला आलेलं आहे.

येसूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. दिली ती वाडीतल्या वाडीतच. "माझी वरात निघाली म्हनंपर्यंत पोचलीपन," असं ती स्वतःच सांगायची. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटरस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर उतारावर आमची बौद्धवाडी, तेरा घरं, एकाच्या डोक्यावर एक. सगळ्यात वरचं, तेरावं, आत्याचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि आवाज असा की वरून तिनं म्हशीला शिवी हासडली तर खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायका दचकायच्या. दातांना कायम मशेरी. कुणाची भीडभाड म्हणून नाही. मला तेव्हा नकला करायची खोड होती, वाडीतल्या कुणाचाही आवाज मी हुबेहूब काढायचे आणि आत्या पोट धरधरून हसायची. आमचं घर आठवं. त्याच्या वरच्या, नवव्या घरात जनाकाकू एकटी राहायची, तिचा मुलगा रघूदादा मुंबईला गिरणीत. काकूचा आवाज बारीक, कापरा, शेळीच्या करडासारखा. पाहुणे आले की आत्या मला वर बोलवायची, "शाले, काढ गो जनाचा आवाज!" आणि जनाकाकू स्वतः शेजारी बसून पदरात तोंड खुपसून हसायची. गरीब बाई. कधी रागावली नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्यात वाडीत ढाळवांत्यांची साथ शिरली. नुकताच वर्षावास लागला होता. आषाढी पुनवेपासून तीन महिने रोज संध्याकाळी विहारात जमायचं, वंदना म्हणायची, ग्रंथाची दोन पानं वाचायची आणि शेवटी सगळ्यांनी एका पातेल्यातली खीर खायची, हा आमचा शिरस्ता. पहिल्याच आठवड्यात दोन माणसं गेली. पूजा सांगणारे आमचे बौद्धाचार्य स्वतःच महाडला दवाखान्यात सलाइनवर पडले. मग एक डॉक्टर आले, त्यांनी विहिरीत पावडर टाकली आणि विहार मागून घेतलं, कारण कोबा केलेली, न गळणारी जागा वाडीत तेवढी एकच. मूर्ती आत्याच्या पडवीत नेऊन ठेवली आणि विहारात सतरंज्यांवर ओळीनं माणसं निजवली. "एकत्र जमायचं नाही, एका भांड्यातलं खायचं-प्यायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. ते भल्यासाठीच सांगत होते, पण आमच्या म्हाताऱ्यांच्या ते जिव्हारी लागलं. सगळ्यांच्या तळ्याचं पाणी प्यायले म्हणून ज्यांनी तरुणपणी महाडात लाठ्या खाल्ल्या होत्या, त्यांनाच आता कुणी सांगावं, लांब बसा, वेगळं प्या… माझे आजोबा म्हणाले, मेलो तरी बेहत्तर, विहारात जाणार. आत्या म्हणाली, "मरा की. पन सगळीच मेलात तर साधु कोन म्हनंल?"

तोडही तिनंच काढली. ट्रकच्या लोखंडी पाट्याचा एक तुकडा तिनं आपल्या अंगणातल्या फणसाला टांगला. दिवेलागणीला त्याच्यावर टोला पडला की प्रत्येक घरानं आपापल्या दारात येऊन हात जोडायचे. वरून आत्या वंदना सांगणार, खाली आपण म्हणायची. बाईमाणसानं पूजा सांगायची रीत नव्हती आमच्यात, पण निम्मे बापये मुंबईला आणि उरलेले आडवे, हरकत घेणार कोण? वंदना संपली की एरवी सगळे एकदम तीनदा 'साधु' म्हणतात. आत्यानं तो साधु घराघरांत वाटून दिला. आधी पहिल्या घरानं तीनदा म्हणायचं, मग दुसऱ्यानं, असा तो खालून एकेक घर चढत तेराव्या घरापर्यंत यायचा. आणि नियम एकच, ज्या घराचा साधु आला नाही तिथं त्याच्या खालच्या घरानं तडक वर जाऊन बघायचं. "पूजेची पूजा, आन हजेरीची हजेरी," ती म्हणाली. तिसऱ्याच दिवशी पाचवं घर बोललं नाही. चौथ्या घरातला माणूस धावत गेला, तर नवराबायको दोघंही डोळे फिरवून पडलेली. पाठुंगळी मारून विहारात नेली, सलाइन लावलं, आणि जगली ती. त्या दिवसापासून पावसात भिजत, कानाला हात लावून लोक खालच्या घराचा साधु ऐकायचे आणि मगच आपला म्हणायचे. इतकी जीव लावून म्हटलेली वंदना मी पुन्हा कधी ऐकली नाही.

मग ती संध्याकाळ आली. माझी आई दोन दिवसांपूर्वीच विहारातून परत आली होती, अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. घरातलं सगळं माझ्यावर. पाणी उकळ, चादरी धू, पुन्हा पाणी उकळ. पाऊस असा की समोरचं दिसेना. टोला पडला तशी मी दारात आले. वंदना झाली, साधु चढत चढत आमच्यापर्यंत आला, मी म्हटला, आणि वाट बघत राहिले. नववं घर बोलेना. मी थांबले. वर आत्या थांबली. सगळी वाडी थांबली… नियमानं मला जायला हवं होतं. मधे दहा-बारा पायऱ्या, तांबड्या मातीच्या, निसरड्या. पण पायऱ्यांचं काय घेऊन बसलात, मला भीती वाटली. आदल्याच दिवशी मी विहारात एक मढं बघितलं होतं आणि माझी पाचावर धारण बसली होती. वाटलं, म्हातारीला पावसात टोला ऐकू आला नसेल. झोपली असेल. आणि मी पदर तोंडाला लावला, मान वर वळवली आणि बारीक, कापऱ्या आवाजात म्हटलं, "साधु… साधु… साधु." हुबेहूब जमलं. घटकाभर काहीच झालं नाही. मग दहाव्या घराचा साधु आला, आणि हजेरी पुढे गेली.

सकाळी जनाकाकू चुलीपाशी पडलेली सापडली. धुगधुगी होती. विहारात नेईपर्यंत तीही गेली. काल संध्याकाळी आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले, कुणाला टोचावं म्हणून नाही, आपले सहज. आणि वाडीतली बाया-माणसं हळहळत एकमेकींना सांगत होती, "काल तर साधु म्हनाली गो! आमी कानानं ऐकली!" चार दिवसांनी रघूदादा मुंबईहून आला. मला विचारलं, "शालू, तू शेजारी हुतीस. आय शेवटचं काय बोलली?" मी म्हटलं, "साधु म्हणाली, दादा." त्यानं डोळे मिटून मान हलवली. समाधान झालं त्याचं. मला तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

साथ गेली. सहा माणसं गेली, पण घर बंद पडलं ते एकच, नववं. आश्विनी पुनवेला विहार चुन्यानं धुऊन काढलं, मूर्ती वाजतगाजत खाली आली, बौद्धाचार्यही बरे होऊन आले. पुन्हा सगळे मांडीला मांडी लावून बसले. वंदना संपली, आणि गंमत म्हणा काय म्हणा, एकदम साधु म्हणायला कुणाला जमेना. पहिल्या घरानं म्हटला, मग दुसऱ्यानं… जीभच तशी वळली होती. आमच्या आठव्या घराचा मी म्हटला आणि पुढे शांतता. दहावं घर बोलायला लागलं तशी आत्यानं हात वर केला. थांबवलं त्याला. जनाकाकूला तीन साधु म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबली आणि मग हात खाली घेतला. तेव्हापासून ते वाडीत रूढच झालं. साथीनंतर जन्मलेली पोरं तर वंदना शिकली तीच थांब्यासकट. महाडच्या मोठ्या कार्यक्रमात हजारो लोक एकसुरात साधु म्हणून मोकळे झाले की आमच्या वाडीतली पंधरावीस पोरं मागून एकेकटी म्हणायची आणि मधेच गप्प व्हायची. लोक हसायचे, यांची गाडी नेहमी लेट! मला हसू येत नसे. तो थांबा बरोबर माझ्यानंतर यायचा. दर पुनवेला आत्या सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवते आहे, असं मला वाटायचं. महाडला नोकरी लागली तशी मी सुटले. पुनवेला जाणं कमी केलं, मग सोडलंच. नकला तर त्या पावसाळ्यातच सुटल्या होत्या.

आत्या आजारी आहे कळलं म्हणून गेल्या दसऱ्यानंतर भेटायला गेले. हाडांचा सापळा झाला होता, पण तोंड तसंच. "आलीस? मला वाटलं मढ्यालाच येतेस." मी बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "जनाचा आवाज काढतेस का गो आजून?" ती सावकाश बोलत होती. "जनाचा दम पुरायचा नाय. तिसरा साधु ती कवाच पुरा म्हनली नाय, गिळायची. त्या सांजंला तिनी साधु धड आले… मला तवाच कळलं."

"मग तू का नाही आलीस खाली?" मी विचारलं. ओरडलेच म्हणा ना.

"भ्याली गो मी. तुज्यासारखीच. नियम मी केला, आन पाय माजा उचलला नाय. म्हटलं, पोरगी म्हनतेय ना, मंग आसंल जना बरी." तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. "त्यो थांबा तुज्यासाटी नव्हता, खुळे. माज्यासाटी हुता."

अकरा वर्षं, बघा. एका वाडीत, एका विहारात, एकाच थांब्यात दोघी बसलो होतो, आणि एकमेकींना चोरून. मी तिला माझी न्यायाधीश समजून पळत होते आणि ती बिचारी माझ्याशेजारीच आरोपी म्हणून उभी होती. मी तिचा हात हातात घेतला. त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. बोलायला अजून येणं होईल, असं मला वाटलं होतं.

तिच्या जलदानाच्या विधीला संध्याकाळी वाडी जमली. रघूदादाही मुंबईहून आला होता, केस पिकले त्याचे. वंदना झाली. साधु पहिल्या घरापासून चढू लागला. आठव्याचा माझ्या भावजयीनं म्हटला, मग थांबा, मग दहावं, अकरावं, बारावं… आणि पुढे काहीच नाही. तेराव्या घराचा म्हणणारी गेली होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळे खाली बघत थांबले. बारावं घरही हललं नाही. मी उठले. चपला घातल्या. "कुठं चाललीस?" भावानं विचारलं. "साधु आला नाही," मी म्हटलं, "बघून येते." रघूदादा मागोमाग आला.

नवव्या घराचं आता नुसतं जोतं उरलंय, त्यावर कुणीतरी गवताच्या पेंढ्या रचल्यात. तिथं माझा पाय थांबला आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी तुझी आई बोलली नव्हती, दादा, मी बोलले होते. तो जोत्यावर बसला. मग त्यानं विचारलं, "आवाज जमला हुता तुला?"

"हो."

"मला आता आठवत नाय गो तिचा आवाज. लय आठवाया बघतो, पन येत नाय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "काढ."

मी पदर तोंडाला लावला. अकरा वर्षांत नाही काढलेला आवाज, फुटेल की नाही वाटलं. पण फुटला. "साधु… साधु… सा…" तिसरा मी गिळला. रघूदादानं टॉवेलात तोंड लपवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही मागितली नाही.

मग आम्ही वर गेलो. मी आत्याच्या दाराची कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहून आत बघितलं. घोंगडी घडी करून ठेवलेली, खिडकीत मशेरीची डबी, आणि उशाशी माझा बिस्किटांचा पुडा, दोनच बिस्किटं संपलेला. बाहेर फणसाला पाट्याचा तुकडा तसाच टांगलेला. तिथून खाली विहाराचं उघडं दार दिसतं, आणि दारात लोक आमच्याकडे तोंडं करून उभे होते. बघून आलेल्यानं सांगायचं असतं. मी अंगणाच्या कडेला आले आणि छातीत हवा भरून, माझ्याच आवाजात, ओरडले, "कोन नाय!"