गुडघाभर तरोटा

चिचगडच्या शाळेत बदली झाली, तेव्हा घरामागच्या वाडीसोबत शेजारच्या मावशीही मिळाल्या. तारेच्या कुंपणात त्यांनी स्वतःपुरती एक फट करून ठेवली होती. सकाळी चहा घेऊन मागे जावं, तर त्या आधीच माझ्या भेंडीत उकिडव्या बसलेल्या. मावा दिसला की त्या पानांवर चुलीतली राखड उधळत आणि किड्यांचा आईमाईवरून उद्धार करत. किडे राखडीने जात की शिव्यांनी, हे मला अजून कळलेलं नाही. उरलेल्या शिव्या मला.

"काऊन गुर्जी, पोरायले शिकवता अन् खुरपं धराले येत नाही?"

माझं खरं दुखणं म्हणजे तरोटा. हे तण भेंडीच्या ओळींत गुडघाभर माजलं होतं, आणि मावशी म्हणत, "राहू द्या."

शेवटी वैतागून एका संध्याकाळी मी तणनाशकाचा डबा आणला आणि सकाळी वाडीभर फवारलं. दुपारी मावशी वाटीभर भाजी घेऊन आल्या. चव झकास होती. मी दुसरा घास घेतला आणि विचारलं, "कशाची?"

"तरोट्याची. तुमच्याच वाडीतला."

मी वाटी खाली ठेवली. "मावशी, मी तिथे विष मारलंय!"

"मालूम आहे ना. काल तुमच्या हातात डबा पायला, अन् तवाच कवळे शेंडे खुडून नेले. खा गुपचूप."

मी वाटी पुन्हा उचलली. कुंपणाच्या फटीत शिरता शिरता त्या वळल्या.

"तुमची भेंडी बी कालच तोडून ठेवली. मले मालूम होतं, तुम्ही तिलेही मारणार."