विलायती चाफा

माझ्या वडिलांना शहाणपण नेहमी बाहेरगावाहून आलेलंच पटे. ठाण्याच्या कचेरीत ते कारकून होते, आणि साहेबाच्या बंगल्यात जे दिसेल ते आपल्या दारात असावं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. परवडायचं नाही ते राहून जाई आणि परवडे त्याची ते वाट लावत.

एकदा उत्तरेकडच्या कुठल्याशा झाडंवाल्याचं इंग्रजी यादीपुस्तक टपालाने आलं. त्यात विलायती चाफ्याचं चित्र होतं, ताटाएवढं पांढरं फूल. वडिलांनी लगेच दोन कलमं मागवली, आणि ती यायच्या आधीच जागा करायची म्हणून दारातला सोनचाफा तोडून घेतला.

तो सोनचाफा आईचा. लग्न होऊन आली त्या साली तिने माहेराहून, कल्याणहून, रोप आणून लावलेलं. सकाळचं पहिलं फूल देवाला आणि दुसरं आपल्या अंबाड्यात, हा तिचा नेम होता. देवाला वाहिल्याशिवाय तिने कधी फूल माळलं नाही. झाड पडलं तेव्हा ती आत तांदूळ निवडत होती. निवडून झाल्यावर तेच तांदूळ तिने पुन्हा निवडायला घेतले. मला वडिलांचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

कलमं आगगाडीने आली, मुळांना ओलं शेवाळ बांधून. एक वाटेतच वाळलेलं, दुसरं त्याच मार्गावर. वडिलांनी वाळलेलंही लावलं. इंग्रजी चिठ्ठी बांधलेलं झाड मरेलच कसं, असा त्यांचा विश्वास.

आमच्याकडे कोपरीचा एक ख्रिस्ती वाडीवाला भाजी घालायला येई. जिवंत रोपापाशी तो वाकला, कलमाचा सांधा त्याने बोटाने चाचपला आणि म्हणाला, "रावसाब, ह्या गाठीखालचं कोंब खुडत जा. खालचा खुंट आपल्याच सोनचाफ्याचा हाय, त्यावर विलायती बांधलाय. तो माजला का वरचा मेला."

"पुस्तकात लिहिलंय का तसं?" वडिलांनी विचारलं आणि स्वतःच हसले. तो किस्सा त्यांना कचेरीत महिनाभर पुरला. त्या माणसाला वाचता येत नव्हतं, वडिलांना येत होतं. दोघांत वडिलांच्या बाजूने तेवढंच होतं.

कोंब कुणी खुडले नाहीत. वरचा शेंडा वर्षाच्या आत वाळून गळाला आणि खालून धुमारा फोफावला. येईल त्याला वडील ते झाड दाखवत. चित्रातली पानं जाड दिसतात, ही पातळ कशी, असं कुणी विचारलं तर म्हणत, "इकडची हवा दमट." ऐकणारे माना डोलवत. तेही कचेरीतलेच. आईने एक पान चुरगळून हुंगलं होतं. तिला तेव्हाच कळलं.

चौथ्या वर्षी झाड फुललं. फूल बोटाएवढं, पिवळंधमक.

"उन्हाने रंग उतरला," वडील म्हणाले. वासाने सगळं घर भरलं होतं. आई पहिलं फूल घेऊन देवघराकडे निघाली, तशी त्यांनी तिला अडवलं. "अगं, विलायती फूल देवाला चालत नाही."

"मग इकडूनच वास घेऊन पाहावा," आई म्हणाली आणि तिने फूल पुढे धरलं.

त्यांनी वास घेतला. मी समोरच उभी होते. त्यांनी ओळखलं, हे मला त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. इतकी वर्षं त्याच वासात जेवलेला माणूस. ओळखलं, खाकरले आणि म्हणाले, "विलायतीच आहे. देवाला नको."

माणूस मूर्ख असला तर मी सोसते. हे मूर्खपण नव्हतं.

आईने मान हलवली. जिथे होती तिथेच उभं राहून तिने ते फूल अंबाड्यात खोचलं, आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या आधी. मग त्यांचं पान मांडलं आणि वाढायला वाकली, नेहमीपेक्षा जरा जवळून.