गिरजाबाईचा जबाब

गिरजाबाईला धुराची किळस होती आणि डिसेंबर लागला की तिचं घर धुरानंच भरायचं.

चाकणच्या अलीकडं, कंपन्यांच्या भिंती जिथं गावठाणाला येऊन भिडल्यात, तिथं पत्र्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिची सासू कुशाबाई राहायच्या. सासू नव्वदीला टेकलेली, कमरेखालून लुळी. रोज सकाळी तिला कढत पाण्यानं पुसून काढावं लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. पाणी तापायचं बंबात. थंडीत तो बंब आतच पेटवायचा, कारण पाण्याबरोबर खोलीही त्याच्यावरच ऊब धरायची. विजेच्या रॉडनं एकदा झटका दिला तेव्हापासून गिरजाबाईनं त्याला हात लावला नव्हता.

आणि बंबात जळायचं काय, तर पॅलेटच्या फळ्या. माल ठेवायची ती लाकडी चौकट कंपनीत मोडली की रोहिदासच्या भंगाराच्या आवारात यायची आणि गिरजाबाई दिवसभर बसून तिचे खिळे उपसायची. चांगली फळी रोहिदास परत विकायचा. ऑइल पिऊन काळी पडलेली बायकांनी जळणाला न्यायची, असा तिथला रिवाज. फुकट मिळतं म्हणून माणूस काय काय घरात आणतो! ती फळी पेटली की घशात रबराची चव यायची. भिंती चिकट, भांडी चिकट, डोक्याचे केससुद्धा चिकट. कुशाबाई खोकून खोकून निळी पडायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "आजींच्या छातीला हा धूर झेपायचा नाही. गॅस घ्या."

खिळे उपसून विकतचा गॅस परवडत नव्हता. गरीब घरच्या बाईला सरकार सवलतीत गॅस देत होतं, पण घरात आधीचा गॅस नसेल तरच. आणि गिरजाबाईच्या घरात कागदोपत्री गॅस होता. दोघी सासवा-सुनांची नावं सुजितच्या रेशनकार्डावर होती. सुजित म्हणजे गिरजाबाईचा एकुलता एक मुलगा. राहायला थेरगावात, चौथ्या मजल्यावर. कंपन्यांसाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला आला तेव्हा त्यानं तो फ्लॅट घेतला, "आई, तुला नि आजीला वर्षभरात नेतो" म्हणाला, आणि ते वर्ष काही संपलं नाही. त्याच्या स्वयंपाकघरात नळातून गॅस येत होता. त्या गॅसवर इथं कुशाबाईचं पाणी तापत असल्याची सरकारची समजूत होती.

मागच्या थंडीत तिनं वेगळ्या कार्डासाठी अर्ज टाकला. आठवड्याभरानं चौकशीला एक माणूस आला. चांगला होता बिचारा. चपला बाहेर काढून आत आला, बंब बघितला, डोळे मिटून पडलेली म्हातारी बघितली, वहीवर पेन टेकवून म्हणाला, "मुलगा वेगळा राहतो ना? येतो का इकडं? बघतो का तुमचं?"

त्याला फक्त "नाही" ऐकायचं होतं. दारात शेजारणी उभ्या होत्या. आणि गिरजाबाईची मान आपोआप ताठ झाली.

"येतो की. दर आयतवारी येतो. समदं त्योच बघतो आमचं. किराणा काय, दवापानी काय."

"दर रविवारी?"

"चुकत न्हाई."

सुजितनं उंबऱ्याला पाय लावून वर्ष उलटून गेलं होतं, तेसुद्धा सातबाऱ्याच्या कामासाठी. ह्या गावात बाई उपाशी झोपेल, पण पोटच्या पोराची अब्रू परक्या माणसासमोर काढणार नाही. त्या माणसानं वही मिटली. "मग कुटुंब एकत्रच आहे म्हणायचं," म्हणाला. चहा घेतला आणि गेला. अर्ज नामंजूर झाला.

लोकांना तिनं सांगितलं, कागद वर अडकलाय. सासूलाही तेच सांगितलं. "सुज्या बघतोय म्हनं, त्याची वळख हाय," वर आणखी एवढं घातलं. म्हातारी नुसती "व्हय का" म्हणाली आणि खोकत भिंतीकडं वळली.

वर्ष गेलं. थंडी पुन्हा आली, बंब पुन्हा आत आला. कुशाबाईचा खोकला आता दुपारीही थांबेना. रात्रीच्या कफात काळे धागे दिसायला लागले. ते पुसताना गिरजाबाईला शिसारी यायची; धुराची यायची, फळीची यायची, आणि सगळ्यात जास्त त्या "चुकत न्हाई"ची यायची.  तरी ते खोटं होतं असं सांगायला तिची जीभ उचलतच नव्हती.

मग एका सकाळी आवारात रोहिदासनं मोबाइल पुढं केला. "गिरजाकाकू, तुमचा सुजित बघा. मोठं काम करतोय, राव."

सुजितच्या सोसायटीनं ब्लँकेटं वाटली होती. फोटोत तो इस्त्रीच्या शर्टात, रस्त्याकडेच्या एका म्हातारीच्या खांद्यावर ब्लँकेट घालत होता. म्हातारी त्याच्याकडं बघत होती, तो कॅमेऱ्याकडं. पाठीमागं सून योगिनी टाळ्या वाजवत होती. खाली लिहिलं होतं, 'गरजूंना मायेची ऊब.'

गिरजाबाईनं फोटो नीट बघितला. त्या म्हातारीचे पाय अनवाणी होते, कुशाबाईसारखेच वाळलेले.  आवाराच्या कोपऱ्यात जाऊन ती थुंकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "रोहिदास, आज माझा खाडा लाव."

तालुक्याच्या कचेरीत रेशनकार्डाच्या टेबलावर एक लेखनिक बाई होत्या. पुढं बाकावर पंधरावीस माणसं, त्यातली दोन तिच्याच गावची. गिरजाबाईनं आवाज खाली आणला नाही.

"ल्ह्या बाई. मुलगा सांभाळत न्हाई."

"आधी तर सांभाळतो म्हणून नोंद आहे."

"ती मी खोटी सांगितली."

बाईंनी वर बघितलं. "कधीपासून सांभाळत नाही?"

हे तिनं कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. यंदा त्याची ड्युटी जड आहे, मागच्या वर्षी पोराची शाळा होती, त्याआधी योगिनीचं बाळंतपण. ती एकेक मागं जात राहिली आणि तिला कुठं थांबायला जागाच मिळेना. शेवटी फ्लॅटच्या वास्तुशांतीपाशी येऊन ती थांबली. त्या दिवशी त्यानं पंगत उठल्यावर दोघींना परत गाडीत बसवून दिलं होतं.

"नऊ वर्सं," ती म्हणाली. बाकावरच्या दोघांनी माना खाली घातल्या. तिनं मात्र घातली नाही. नऊ वर्षं आपण एका टिनपाट पोरावर शेंदूर थापत बसलो, ह्याचीच तिला मनस्वी चीड आली होती. जबाबाखाली तिनं सही केली. पुढच्या महिन्यात वेगळं कार्ड झालं आणि जानेवारी सरता सरता गॅस आला.

पहिल्या दिवशी तिनं मोठं पातेलं चढवलं. बंब बाहेर काढून ठेवला होता. खोलीत धूर नव्हता आणि पाण्यातून नुसती स्वच्छ वाफ येत होती. तिनं फडकं पिळून कुशाबाईच्या पाठीवर ठेवलं, तसा म्हातारीनं सुखाचा उसासा टाकला.

"सुज्यानं धाडला व्हय गं गॅस?"

 गिरजाबाई म्हणाली, "न्हाई, आत्याबाय. सरकारनं दिला. त्यो काय बी बघत न्हाई आपलं. कवाच बघत नव्हता."

"मला ठावं हाय," कुशाबाई म्हणाली. "चौकशीचा मानूस आला तवा मी जागीच व्हते, गिरजे. म्हनलं, तुझं लेकरू हाय, तूच सांग. दोन थंड्या वाट बघत व्हते."

गिरजाबाईनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. म्हातारीच्या पाठीच्या सुरकुत्यांत काजळी बसली होती, दोन हिवाळ्यांची, आणि पाणी कढत असूनही ती निघत नव्हती.