उदमांजरानं लावलेले माड

सर्वेवाले टेकडीच्या उतारावर आले तेव्हा ओदांग रस काढायला माडाच्या शेंड्याला होता. खालून एकानं हाक मारली, "अहो आजोबा, ही झाडं कुणी लावली?"

"उदमांजरानं!" ओदांगनं वरनंच सांगितलं.

त्यात खोटं काहीच नव्हतं. आरेनचा माड माणूस लावत नाही. उदमांजर फळं खातं, हगतं, आणि जिथं हगतं तिथं दहा-बारा वर्षांनी माड रस द्यायला उभा राहतो. चिहाउर गावात कुणी 'हा माड माझ्या हातचा' म्हटलं असतं तर लोक महिनाभर हसले असते. पण खालच्या माणसानं कागदावर लिहिलं, झाडं रानटी, वापर कुणाचा नाही. उतार सरकारचा, वापर गावाचा. वापरच नाही म्हटल्यावर तो उतार दुसऱ्याला द्यायला सरकार मोकळं. पंधरा दिवसांत पन्नास माडांना तोडायची खूण म्हणून लाल फिती बांधून झाल्या. एक कंपनी तिथं शहरातल्या लोकांसाठी दीडशे घरं उभी करणार होती.

शेजारच्या टेकडीवर अशीच घरं झाली होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिथला चिखल खालच्या मशिदीच्या अंगणात गुडघाभर आला, आणि झरा आटला तो आटलाच. चिहाउरचा झरा या माडांच्या मुळांतनंच फुटतो. त्याच्यावर साठ घरं आणि खालची सगळी भातखाचरं.

"काय वकीलसाहेब," एकेकाळी माडाचा रस काढणारा उजू चहाच्या टपरीवर ओरडायचा, "अशील काय म्हणतंय? कोर्टात येणार का शेपटी वर करून?"

ओदांग चहा अर्धाच टाकून उठायचा. घरी बायको एंतिन गुळासाठी रसाच्या कढईत पळी फिरवत होती. ती म्हणाली, "तीस वर्षं तोंडाला कुलूप होतं तुमच्या. उघडलं ते नेमकं तवाच!"

त्यानं कुवूकडून, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या दस्मनकडून, तक्रार लिहून घेतली. गुरुवारी जिल्ह्याच्या अधिकारी बू नुनुंग सुनावणीला आल्या. कंपनीचा माणूस नकाशा घेऊन उभा राहिला आणि बोलतच राहिला. रस्ते, बाग, पोहायचा तलाव. उकडलेली केळी फिरली, चहा फिरला. तक्रारदाराची पाळी शेवटी.

दारातलं ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं तसा ओदांगचा पाय हलायला लागला. माडाला काप सकाळी द्यायचा आणि दिवस कलताना द्यायचा. एक वेळ चुकली तर पोय, म्हणजे फुलाचा दांडा, तोंड मिटून घेते. मग वर्षभर त्या माडाकडे बघायलाही नको. कुवूनं डोळे वटारले. ओदांगनं पाय दाबून धरला. मग दुसरा हलायला लागला.

शेवटी तो उठलाच. "बाई, मी जातो."

"जाता? तक्रार तुमचीच आहे ना?"

"व्हय. पण आठव्या माडाची पोय पाच आठवडे मोगरीनं बडवून रसाला आणलीय. ती काय सभा संपायची वाट बघत न्हाई."

आणि गेला. कंपनीचा माणूस हसला, "बघा, हे तक्रारदार!" कुवूनं कपाळावर हात मारला. बू नुनुंगनी रागानं फाईल मिटली. मग दारातनं बघितलं तर साठीचा म्हातारा कमरेला कोयता लावून चढणीला पळत निघालेला. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि मागनं निघाल्या.

त्या धापा टाकत पोचल्या तोवर ओदांग खाचा पाडलेल्या बांबूवरनं वर गेला होता. पोयीची कागदाएवढी पातळ चकती त्यानं कापली, बांबूचं नवं नळकांडं लटकवलं, भरलेलं खाली आणलं. त्यातला पेलाभर रस बाईंना दिला. पिता पिता त्यांची नजर वर गेली. शेंड्यापासून खाली, एकाखाली एक, कापलेल्या दांड्यांची थोटकं.

"हे काय?"

"एकेका मोसमाची एकेक पोय. माड वरनं खाली फुलत येतो."

बाईंनी बोट दाखवत मोजली. सात. पुढच्या माडावर नऊ. पेन काढून त्यांनी सर्वेतली 'वापर कुणाचा नाही' ही ओळ खोडली. "असे किती?"

"अकरा."

"आणि बाकीचे?"

ओदांगनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "बाकीच्यांचा रस कुणी काढत न्हाई. ज्यांचे व्हते त्यांनी सोडलं."

बाईंनी तसंच लिहिलं. अकरा वापरात, बाकी नाहीत. शेवटची तपासणी चाळीस दिवसांनी. मागनं येऊन पोचलेला कंपनीचा माणूस खूश झाला. "अकराच ना? सगळे एका कोपऱ्यात आहेत. ठेवू की! बागेत शोभतील."

घरी आल्या आल्या एंतिननं विचारलं, "पुन्हा खरं बोललात?"

"बोललो."

तिनं कढई उतरवली. "मग आता दुसरं खरं करा, बाकीचे माडबी वापरात आणा. चाळीस दिवस हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळचे काप देऊन ओदांग उजूच्या दारात. "तुझा कोयता कुठाय?"

"कोंबड्या कापायला."

"धार लाव."

"गुडघे गेले माझे, ओदांग!"

"गुडघे चढणीला लागतात, बडवायला मनगट लागतं. एकदा वर जा, बस आणि बडव. पाच आठवडे बडवायची, पाच दिवस उरतात."

उजूनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि कोयता शोधायला आत गेला.

असे तेरा जण निघाले. पोय आलेले पंचवीस माड त्यांनी वाटून घेतले. सगळ्यांनी रस काढायचं काम सोडलेलं, दोघांना तर चढताना चक्कर यायची. दोरखंड, नवे बांबू, लाकडी मोगऱ्या. सकाळ-संध्याकाळ उतारावर ठकठक सुरू झाली. ओदांगला तिच्यात सुख नव्हतं. तो माडाखाली माडाखाली फिरायचा, कान लावून. "अरे, जोरात नगं! काळी पडंल!" "जाजांग, झोपलास का वर?" रोज कुणाशी तरी भांडण.

छत्तिसाव्या दिवशी काप दिले. पंचवीसपैकी सोळा माडांनी रस दिला, नऊ रुसले ते रुसलेच. ते सोळा मात्र अख्ख्या उतारावर पसरलेले. चाळिसाव्या दिवशी जीपमधनं उतरून बू नुनुंग एकेका माडाखाली उभ्या राहिल्या. लिहिलं, सत्तावीस वापरात. कंपनीच्या माणसानं नकाशा उलटासुलटा केला. यंत्र फिरायला वाट राहिली नव्हती.

"परवानगी एक वर्ष थांबवते," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पुन्हा बघणार. तेव्हाही वापरात पाहिजेत."

जीप गेली. उजू बांबूला टेकून गुडघा चोळत होता. "वर्षभर? रोज दोन वेळा?"

"व्हय."

"लग्नाला जायचं असलं तर?"

"काप देऊन जा."

"मेलो तर?"

ओदांगनं सूर्याकडे बघितलं, कोयता कमरेला खोचला. "आधी वर जा. पोय मिटंल तोंड."