जात्यासकट निघालेली तबकडी

नळदुर्गचे कल्याणप्पा कोरे पेशानं बाजाची पेटी दुरुस्त करणारे, पण ओळखले जात शाहीर म्हणून. निजामाच्या विरोधात ते सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. तिथं पोरांना धीर यावा म्हणून डफ हाती घेतला, तो निजाम गेल्यावरही सुटला नाही. पुढं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सुरू झाली आणि डफाला दुसरं काम मिळालं.

छप्पन्न साली राज्यांची वाटणी झाली. त्यांच्या बहिणीचं, शिवम्माचं सासर आळंदकडं. ते म्हैसूर राज्यात गेलं. कल्याणप्पांनी त्यावर एक कडवं रचलं: बहीण रात्रीत परमुलखाची झाली, भाऊबीजेला आता कोणत्या सरकारची परवानगी काढू? बाया हसत हसत डोळे पुसत.

मुंबईच्या एका कंपनीनं त्यांना रेकॉर्डसाठी बोलावलं. साहेब भला माणूस होता. चहा पाजला आणि म्हणाला, "आवाज उत्तम आहे. फक्त 'लई'च्या जागी 'फार' म्हणा, आणि ते बहिणीचं कडवं गाळा."

"बहीण गाळून भाऊ कसा गावा, साहेब?" कल्याणप्पांनी विचारलं आणि डफ उचलला.

परतीच्या गाडीत त्यांनी ठरवलं, तबकडी आपणच काढायची. कंपनीला नाव गावच्या नदीचं, 'बोरी'. चळवळीतल्या गिरणी कामगारांनी दादरला एक लहानसा स्टुडिओ मिळवून दिला. दुसऱ्यांच्या रेकॉर्डी छापून देणारा एक कारखानाही सापडला. अडचण वेगळीच होती. तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, आणि कल्याणप्पांचा पोवाडा पाऊण तासाचा. आठ दिवस काटछाट करून तो कसाबसा बसवला. दुसऱ्या बाजूला काय घालायचं?

त्यांच्याच गल्लीत खाजामियाँ पिंजारी राहायचा. त्याची बायको जमिलाबी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, अर्ध्या मराठी, अर्ध्या दखनी. कल्याणप्पांनी तिचं नाव काढलं तेव्हा चळवळीच्या समितीतले अंबादास मास्तर चमकले. "अप्पा, रझाकारांशी लढलेला माणूस तू. लोक काय म्हणतील?"

"म्या रझाकाराशी लढलो, मास्तर. खाजामियाँशी न्हाय. त्यानं पिंजलेल्या गादीवरच तर तुमी झोपता."

दुसऱ्या दिवशी मास्तरच विचारायला आले, जमिलाबी तयार झाली का?

जमिलाबी तयार होती, पण तिची एक अट होती. "अण्णा, हातात जात्याचा खुंटा नसला की माझा गळा निघत न्हाय."

"मग जातं घेऊ संगं, भाभी."

सत्तावन्न सालच्या चैत्रात नवरा, बायको, शाहीर आणि जातं सोलापूरच्या एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, "हे सामान धरायचं का प्रवासी?" पुढं रेल्वेत हमालानं जात्याची एक दगडी पाळी उचलली आणि लगेच खाली ठेवली. शेवटी खाजामियाँनंच दोन्ही पाळ्या खांद्यावरून नेल्या, एकामागून एक.

स्टुडिओतल्या इंजिनियरनं जातं बघून कपाळाला हात लावला. पण जमिलाबीनं पदर खोचला, ज्वारीची मूठ घातली आणि सुरू केलं:

"बोरीच्या पाण्यामंदी गडाची गं सावली,
मराठी बोलायाची माझी दखनी माऊली."

जात्याची घरघर खाली, वर तिचा उंच, कोरडा, स्वच्छ सूर. तीन मिनिटं झाली, लाल दिवा विझला. इंजिनियरनं कानावरची यंत्रं काढली आणि हलकेच म्हणाला, "पीठ सांडलं तरी चालेल, बाई. अजून एकदा म्हणा. माझ्यासाठी."

लेबलं सोलापुरात छापली. कल्याणप्पा सायकलीला ग्रामोफोन बांधून आठवडी बाजारांत तबकड्या विकू लागले. लोक पोवाड्यासाठी तबकडी घेत आणि दुसरी बाजू झिजवत. कळंबच्या एका हॉटेलात गिऱ्हाईक चहाआधी म्हणे, "ते जातं लावा."

एका बाजारात नव्यानं बदलून आलेल्या फौजदारानं त्यांना चौकीवर नेलं. रेकॉर्ड आक्षेपार्ह असल्याची खबर होती.

"ऐकल्याबिगर गुन्हा कसा लिवणार, साहेब?" म्हणत कल्याणप्पांनी टेबलावरच ग्रामोफोनला चावी दिली. आधी लावली जमिलाबीची बाजू. दाराशी गर्दी जमली. तबकडी थांबल्यावर फौजदार म्हणाले, "आमची आई असंच म्हणायची." मग पोवाडा झाला. बहिणीच्या कडव्याला शिपाई मान डोलावत होता. फौजदारानं कागदावर लिहिलं, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही,' आणि एक तबकडी स्वतःसाठी ठेवून घेतली.

साठ साली महाराष्ट्र झाला. आळंद मात्र आलं नाही. कल्याणप्पा दर दिवाळीला बहिणीकडं जात राहिले, आणि तिच्या गावात कानडी गाणाऱ्या बाया आहेत हे कळल्यावर 'बोरी'ची पुढची तबकडी कानडीत काढली. समितीतल्या काहींना ते रुचलं नाही. कल्याणप्पा म्हणाले, "भांडण सरकारशी हाय. गाण्याशी कसलं?"

चौसष्ट सालापर्यंत बोरीच्या अकरा तबकड्या निघाल्या. त्यातल्या चार जमिलाबीच्या. एकदा तुळजापूरच्या बाजारात बांगडीवाल्यानं तिचा आवाज ओळखला आणि हातात बांगड्या भरता भरता विचारलं, "तुमी त्या रेकॉर्डमधल्या का?"

"व्हय," ती म्हणाली. "जरा हिरव्या दाखव."